दात न लावलेला माल

रिसोडच्या बाजारात ओलावा मोजायचं मशीन येऊन बरीच वर्षं झाली, पण सोयाबीन पिकवणाऱ्याचा खरा भरवसा अजून दातावरच आहे. दाणा दाढेखाली धरायचा आणि फोडायचा. वाळलेला असेल तर टचकन दोन तुकडे होतात, ओला असेल तर चेपतो आणि दाढेला चिकटून बसतो. ही विद्या कोणत्या कॉलेजात शिकवत नाहीत. लतीफाबीला ती अडतीच्या दुकानात वीस वर्षं दाणे निवडता निवडता आली, आणि इतकी पक्की आली की शेतकऱ्यांनी वर्गणी काढून स्वतःची कंपनी उभी केली, गोदाम बांधलं, तेव्हा सगळ्यात आधी कामावर नेमलं ते लतीफाबीला. मशीन आधी आकडा दाखवायचं, मग लतीफाबी दाणा फोडायची आणि "दहा" नाहीतर "अकरा" म्हणायची. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. दोघांच्या आकड्यात अर्ध्याचाही फरक पडत नसे, आणि शेतकरी मशीनकडे पाठ करून लतीफाबीच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

नवा मॅनेजर काळबांडे याला हेच खुपत होतं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पण आपण शिकलेले आहोत या गोष्टीचा त्याला स्वतःलाच फार त्रास होता. पन्नाशी उलटलेली, चौथीत शाळा सोडलेली बाई दाणा तोंडात टाकते आणि साठ हजारांच्या मशीनला कोणी विचारत नाही, हे त्याच्या पचनी पडेना.

"लतीफाबी, हे आरोग्याला चांगलं नाही," असं त्यानं दोनदा तिला बजावलं होतं.

"साहेब, दात माहे, दाढ माही. बिमार पडली त मीच पडीन," असं तिनं दोन्ही वेळा उत्तर दिलं होतं. तिच्या जिभेलाही काही हाड नव्हतं.

मग तो दिवस आला. त्या दिवशी दोन गोष्टी एकदमच सुरू झाल्या. आदल्या संध्याकाळी चांद दिसला होता, म्हणजे लतीफाबीचा पहिला रोजा होता. आणि गोदामात नव्या हरभऱ्याची पहिली गाडी आली होती. काळबांडेनं हौसेनं नारळ फोडला, मशीनला हळदकुंकू वाहिलं, बटणं दाबून हरभऱ्याचा ओलावा मोजला आणि पेढे वाटले. त्यानंतर तासाभरात जऊळक्याचा जानराव अकरा पोती सोयाबीन घेऊन टेम्पोतून उतरला.

जानराव तालेवार नव्हता, पण गावात वजन राखून होता, आणि ते वजन त्याच्या आवाजात उतरलं होतं. त्याच्याच धुऱ्याला लागून भाऊसिंगचं वावर. दोघांचं सोयाबीन दसऱ्याला एकाच थ्रेशरमधून निघालेलं. भाऊसिंगचा माल कालच दहाच्या आकड्यानं पास झाला होता. जानरावच्या मालाला मशीननं साडेतेरा दाखवलं.

"हे मशीन येडं झालं का?" जानराव हसला. "दसऱ्याचा माल फागुनात साडेतेरा? लतीफाबी, लाव बरं दात."

लतीफाबीनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आत दाणे कोरडे होते, ऊबदार होते, बोटांतून सळसळत निसटत होते. तळहात सांगत होता, दहा. पण दाणा तोंडात टाकता येत नव्हता. चाखून थुंकलं तर चालतं असं कोणी कोणी सांगायचं, पण एखादा कण घशात गेला म्हणजे? आणि माझा रोजा आहे असं चारचौघांत सांगत सुटणं तिला आवडत नसे. रोजा आपला आणि अल्लाचा, त्यात गोदामाचं काय काम? शिवाय चांद काय तिनं एकटीनं पाहिला होता? आख्ख्या रिसोडला ठाऊक होतं.

"आज नाई लावत, भाऊ," एवढंच ती म्हणाली.

"काहून नाई लावत?"

काळबांडेला आयतीच संधी मिळाली. "मशीन सांगतं ते शेवटचं," तो म्हणाला. "माल परत न्या."

लतीफाबीनं पोत्यातून हात बाहेर काढला. दाढेनं सांगितलं असतं तर ती भांडली असती, मशीन दहादा लावायला लावलं असतं. नुसत्या हाताच्या भरवशावर साहेबाशी वाद घालायची तिची छाती झाली नाही. इतकी वर्षं मशीन आणि हात यांचं कधी वाकडं आलंच नव्हतं, त्यामुळे रमजानात दाताची उणीव कधी भासली नव्हती.

जानरावच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. भाऊसिंगच्या मालाला बाईनं दात लावला आणि आपल्या मालाला लावला नाही. एवढी अकरा पोती तोंड वर करून बसली होती, आणि बाईनं एक दाणा उचलला नाही! पाहुण्यानं ताटावरून न जेवता उठावं तसं त्याला झालं. रोजे कधी सुरू होतात याची जऊळक्यात बसलेल्या त्याला काही गंधवार्ता नव्हती. तिथल्या तिथे त्यानं कागद मागितला आणि उभ्यानंच लिहिलं, 'सदर बाईने भाऊसिंगच्या मालाला दात लावला. माझ्या मालाला दात लावला नाही. माझ्या मालात काय विष होतं काय? चौकशी व्हावी.'

चौकशी कसली होते! काळबांडेला तर सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी वजनकाट्याजवळच्या फळ्यावर पत्र चिकटलं, की लतीफाबी यांनी सभासद शेतकऱ्यांमध्ये भेदभाव करून गैरवर्तन केल्यामुळे त्यांना आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. तिला अक्षरं जुळवून वाचता यायचं. 'भेदभाव' या शब्दापाशी ती तीनदा थांबली. नोकरी गेली याचं दुःख झालंच, खोटं कशाला सांगू? पण तिच्या काळजात रुतला तो हा शब्द. एवढ्या वर्षांत तिनं सख्ख्या दिराच्या मालालाही अर्धा आकडा सोडला नव्हता. आता बाजारातला हरएक माणूस काट्यापाशी उभा राहून ते पत्र वाचणार होता.

तिचा नवरा फय्याज गाद्या भरायचा. घरासमोरच्या छपरीत त्याचं पिंजण चालायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी लतीफाबी तिथेच सुतळीचे गुंते सोडवत बसली होती आणि तेच तेच बोलत होती. "तोंडात दाना टाकता आला असता त मी त्या साहेबाले सोडलं नसतं. दात नव्हता ना वो माह्याजवळ."

फय्याज मूठभर कापूस दाबून बघत होता. त्यानं तो ढिगावर टाकला. "ही रुई ओली हाय का सुकी, हे मी चावून पाह्यतो काय?"

"रुईची गोष्ट येगळी."

"कायची येगळी? हात घातला तवा काय लागलं तुले?"

"दहा."

"मंग दहाच असंन. वीस वर्सं त्या हातानंच त दाने उचलले तू. दाताले नाव झालं, काम हातानं केलं." आणि तो पुन्हा पिंजायला लागला.

लतीफाबीनं सुतळी सोडून घरातली तुरीची पिशवी पुढे ओढली, हात आत घातला आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच बसून राहिली.

तिकडे जऊळक्याला भाऊसिंगनं जानरावला पारावर गाठलं. गोदामात काय झालं ते त्याच्या कानावर आलं होतं.

"जानराव, तू येडा हायस का बावा? रोजे सुरू झाले. ते बाई दिवसभर पानी पेत नाई, अन् तुहं सोयाबीन चावंन?"

जानरावचा चेहरा पडला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणावर ओरडणार? दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून तो लतीफाबीच्या दारात येऊन उभा राहिला आणि चपला न काढता चौकटीबाहेरच घुटमळला.

"बाई, चुकलो. मले म्हाईतच नव्हतं."

"तुमाले इचारता येत नव्हतं?" लतीफाबी कडाडली. "पंधरा वर्सांची वळख. म्या तुमच्या मालाले कवा नाव ठेवलं? कागद मांगाले तोंड होतं, इचाराले नव्हतं?"

"इचारलं होतं ना वो. काहून नाई लावत म्हनलं."

हे मात्र खरं होतं. लतीफाबी जराशी नरमली. सांगितलं असतं तर काय झिजलं असतं, असं तिचं तिलाही वाटलं.

जानराव तसाच गोदामात गेला आणि तक्रार मागे घेतो म्हणाला. काळबांडेनं सांगितलं, "कारवाई झाली आहे. आता तक्रार मागे घेता येत नाही." आणि मशीन? मशीन त्या आठवड्यात येईल त्या सोयाबीनला तेरा, साडेतेरा, चौदा दाखवत सुटलं होतं. गाड्या परत जात होत्या. शेतकरी चरफडत होते, आणि वड्याचं तेल वांग्यावर काढावं तसं काळबांडे म्हणत होता की यंदाचा मालच खराब आहे.

मधल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस पडून गेला. सोमवारी कंपनीच्या अध्यक्ष गोमतीबाई गोदामात आल्या. साठीच्या बाई, स्वतः दहा एकर कसणाऱ्या, पायात रबरी बूट, आणि बोलणं मोजकं. त्या येणार म्हणून परत पाठवलेले सगळेच आपापला माल घेऊन पुन्हा आले होते. फाटकापासून रस्त्यापर्यंत टेम्पोंची रांग लागली होती. त्या रांगेत सगळ्यात पुढे जानरावचा टेम्पो होता, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर लतीफाबी बसली होती. तोच तिला घरून घेऊन आला होता.

"आता तुमी फक्त हात लावा बाई," वाटेत जानराव म्हणाला होता. "सारे आपलेच हायेत."

ती खाली उतरली तेव्हा काळबांडे पुढे आला. "यांना कामावरून काढलं आहे. यांना आत येता येणार नाही."

"त्या कामावर नाई आल्या," गोमतीबाई पालथ्या क्रेटवर बसत म्हणाल्या. "मी बलावलं. मशीन म्हनते साऱ्या गावाचा माल ओला, लोकं म्हनतात सुका. मले समजून घेऊ द्या."

"मग लावू द्या त्यांना दात," काळबांडे म्हणाला. रोज्याची गोष्ट एव्हाना त्यालाही समजली होती, आणि म्हणूनच तो तसं म्हणाला.

"रोजा हाय, साहेब," लतीफाबी या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दात लावत नाई. हातानं सांगतो."

कोणीतरी हसलं. हात तर सगळ्यांनाच असतो. लतीफाबीनं ओढणीचा पदर खोचला, बाही वर सारली आणि जानरावच्या पहिल्या पोत्यात हात घातला. तळातून मूठ भरून काढली, पत्र्याच्या ताटात वरून सोडली आणि कान दिला. दाणे खणखणत पसरले.

"दहा."

दुसरं पोतं, दहा. तिसरं, दहाला जराखं जास्त. प्रत्येक पोत्यागणिक तिचा आवाज मोठा होत गेला. हात खरंच बोलत होता, आणि तिला वाटलं, मी या हाताला इतकी वर्षं नुसतं दाणे उचलणारा गडी समजत होते. नऊ पोती झाली. मागे रांगेत शिट्ट्या सुरू झाल्या. जानराव तर निवडणूक जिंकल्यासारखा मिशीवर हात फिरवत होता.

दहाव्या पोत्यात तिनं हात घातला आणि तो आतच थांबला.

आत गार होतं. दाणे बोटांना धरून राहत होते. तिनं मूठ बाहेर काढून ताटात सोडली, तर खणखण न येता नुसता ठप ठप आवाज आला, तोही तिच्यापुरता. गलबल्यात दुसऱ्या कोणाला काही वेगळं जाणवलं नाही. तिनं अकराव्या पोत्यात हात घातला. तिथेही तेच. तिनं मान वर करून जानरावकडे पाहिलं. जानराव आभाळाकडे बघत होता.

तिला सगळं कळलं. पावसात याची ताडपत्री कुठेतरी गळली आणि बाई आता आपलीच आहे म्हणून यानं भिजलेली पोती शेवटी सरकवली. रागानं तिच्या कानशिलात ठणकायला लागलं. आणि भीतीही वाटली, कारण या सगळ्या गर्दीत तिच्यासाठी पहिला शब्द टाकणारा माणूस हाच होता. दहा म्हटलं की संपलं. नोकरी परत, नाव परत. समोर शे-दीडशे माणसं 'दहा' ऐकायलाच उभी होती, आणि पोटात पहाटेपासून पाण्याचा घोट नव्हता.

"हे दोन पोते ओले हायेत," लतीफाबी म्हणाली. "तेराच्या वर. हे घेता येत नाई."

रांगेतली डोकी जानरावकडे वळली.

"काय बोलून राह्यली बाई!" जानराव भडकला. "एकाच ढिगातले अकरा पोते! मी तुमच्यासाठी अठी भांडून राह्यलो, अन् तुमी माह्याच मालाले..."

"तुमी भांडून राह्यले म्हनून सोयाबीन सुकत नाई, भाऊ."

काळबांडेला हसू आवरेना. "पाहा. हिचा हिलाच मेळ नाही." त्यानं आपलं मशीन लावलं. पहिल्या पोत्याला साडेतेरा आलं, दहाव्याला सव्वासोळा. "सगळाच माल ओला आहे. मी पहिल्यापासून तेच सांगतोय."

गोमतीबाई क्रेटवरून उठल्या. त्यांनी भाऊसिंगला समोरच्या अडत्याकडे पाठवून त्याचं मशीन आणवलं. अडत्या स्वतःच मशीन घेऊन आला, त्यालाही गंमत बघायची होतीच. त्यानं अकराही पोत्यांतले नमुने एकेक करून लावले आणि आकडे मोठ्यानं वाचले. पहिलं पोतं दहा. दुसरं दहा पूर्णांक एक. तिसरं दहा पूर्णांक चार. असे नऊ झाले. दहावं तेरा पूर्णांक दोन. अकरावं तेरा पूर्णांक पाच.

असा गलका उठला की रस्त्यावरून जाणारी एसटी थांबली आणि खिडक्यांतून माणसांनी डोकी बाहेर काढली.

काळबांडे मात्र आपलं मशीन डोळ्यांजवळ धरून उभा होता. हळूच त्यानं एक बटण दाबलं.

"साहेब, काय दाबून राह्यले?" भाऊसिंग शेजारीच उभा होता. त्यानं वाकून पाहिलं आणि पडद्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. "अरे, हे त हरभऱ्यावर हाय! आठ दिवसांपासून सोयाबीन हरभरा म्हनून मोजून राह्यले का तुमी?"

नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले, आणि मशीन परत सोयाबीनवर लावायचं राहून गेलं. काळबांडे रुमालानं मशीनचा पडदाच पुसत राहिला. जानरावची अवस्थाही काही वेगळी नव्हती. तो त्या दोन पोत्यांपाशी जाऊन त्यांची तोंडं बांधायला लागला होता.

"ताडपत्री फाटली होती," तो कोणी न विचारताच म्हणाला. "म्हनलं चालून जाईन."

गोमतीबाईंनी फळ्यावरचं पत्र काढून हातात घेतलं. "ज्यानं तक्रार केली, त्याच्याच मालाले खरा आकडा सांगतला. ज्यानं अठी आनलं, त्याचेच दोन पोते वापस केले. याले भेदभाव म्हनतात का साहेब?"

"नाही," काळबांडे म्हणाला. "पण परत घ्यायचं तर संचालक मंडळाची बैठक लागेल. सात दिवसांची नोटीस..."

"काढलं तवा हे सात दिवस कुठी गेले होते?" गोमतीबाईंनी रांगेकडे पाहिलं. "संचालक कोन कोन हाय अठी?"

टेम्पोंच्या टपांवरून, पोत्यांआडून चार हात वर झाले. पाचव्या स्वतः गोमतीबाई. सगळे आपापला परत आलेला माल घेऊनच उभे होते. बैठक वजनकाट्याच्या लोखंडी फळीवर भरली, ठराव एका ओळीचा झाला, आणि संचालक नसलेल्या लोकांनीसुद्धा हात वर केले. त्यांत सगळ्यात उंच हात जानरावचा होता.

"बाई, आतापासूनच बसा कामावर," गोमतीबाई म्हणाल्या.

"बसतो," लतीफाबी म्हणाली. "पन एक हाय. जठी माहं नाव खराब लिवलं, तठीच चांगलं लिवलं पाह्यजे. साहेबाच्या हातानं. अन् वाचून दाखवलं पाह्यजे."

काळबांडेनं कागद घेतला आणि लिहिलं. लतीफाबी यांच्यावरील गैरवर्तनाचा आरोप निराधार असून मशीनची चूक माझी होती. शेवटचे चार शब्द त्यानं स्वतःहून घातले, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. काट्यापाशी उभं राहून त्यानं ते खणखणीत वाचलं, आणि टाळ्या पडल्या. लतीफाबीला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही, ओढणीनं डोळे पुसले आणि बाही पुन्हा वर सारली.

संध्याकाळपर्यंत सतरा टेम्पो मोकळे झाले. लतीफाबी आकडा सांगायची, काळबांडे तिच्या शेजारी बसून दुरुस्त केलेलं मशीन लावायचा, आणि दोन्ही आकडे जुळत जायचे. शेवटचा टेम्पो फाटकातून गेला तेव्हा काळबांडे जरा घुटमळला.

"एक विचारू का? ती दोन पोतीही तुम्ही दहाच सांगितली असती, तर कोणाला कळलं असतं? सगळे तुमच्याच बाजूचे होते. नमुना आम्ही एखाद्याच पोत्यातला काढला असता."

"नसतं कळलं कोनाले," लतीफाबी हातावरची धूळ झटकत म्हणाली. "पन मंग तुमचं ते पयलं पत्र खरं झालं असतं ना, साहेब."